खाचेची समस्यापूर्ती

मिरजेला मामांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी कॅलेंडर असायचं तिथे, एक लाकडी वस्तू टांगलेली आहे. तिला नाव नाही. मामी तिला नुसतं ‘ते’ म्हणतात. उरल्यासुरल्या लाकडातून मामांनी ती बाल्कनीत बसून केली. हत्यारं म्हणजे एक करवत, दोन पटाश्या आणि आजोबांचा रंधा.

तीन तुकडे आहेत. मधला सागवानी ठोकळा पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा, वीतभर उंच. डावीकडे तुनाची लालसर, लांब पट्टी. तून हे मिरजेच्या सतारमेकरांचं लाकूड; दांडीला चिरलं की अशा कडा उरतात. उजवीकडे आंब्याच्या पेटीची फिकट फळी.

सगळी गंमत मधल्या ठोकळ्यात आहे. कधीकाळी त्यात आडव्या लाकडाचं कुसू बसत होतं, त्याची चौकोनी खाच तशीच राहिली आहे, आणि ती ठोकळ्याच्या मध्यावर नाही. वर, थोडी उजवीकडे. दुसऱ्या कुणीही तो भाग कापून टाकला असता, किंवा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवला असता. जुन्या मैफलींत समस्यापूर्ती चालायची: शेवटचा चरण आधीच हातात द्यायचा, आणि बाकीचे कवीने असे रचायचे की तो चरण त्यांच्यासाठीच सुचला होता असं वाटावं. मामांना मिळालेला चरण म्हणजे ही खाच. तुनाची पट्टी त्यांनी मुद्दाम वर सरकवली आहे. पट्टीच्या रेघा एका गाठीपाशी वळतात, आणि ते वळण बरोबर खाचेच्या उंचीवर येतं. नजर रेघांवरून चढते, वळते आणि खाचेत उतरते. खाच रिकामीच आहे. मामींनी तिथे गणपती ठेवून पाहिला. दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी देवघरात परतला. मामा काही बोलले नाहीत, पण कुणी उचलला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खाचेशेजारी गंजलेल्या खिळ्याचं भोक आहे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात भेटलं की निळसर काळा डाग पडतो, तसा तो पडलाय. सोनेरी सागवानावर तो काजळाच्या तिटेसारखा दिसतो. रंध्याने दोन हात मारले असते तर फिका झाला असता. मामांनी तो रसिकतेने राखला की सागवानातल्या सिलिकाने रंध्याची धार गेली म्हणून राहिला, हे मी विचारलेलं नाही.

लुईझ नेव्हल्सन या शिल्पकर्तीने न्यूयॉर्कमध्ये जिन्यांचे कठडे, खुर्च्यांचे पाय असलं टाकाऊ लाकूड पेट्यांत रचून 1958 मध्ये ‘स्काय कॅथीड्रल’ ही भिंतभर रचना केली आणि सगळ्याला एकच काळा रंग दिला. त्या काळ्यात प्रत्येक तुकडा आपलं मूळ विसरतो आणि उरते फक्त सावली. मामांनी नेमकं उलट केलं. जवसाच्या तेलाचा हात दिला आणि प्रत्येक लाकडाला आपल्या रंगात राहू दिलं.

उजव्या फळीवर मात्र हात घसरला. तिच्या तळाशी मामांनी कमळ कोरलं आहे. पेटीचं लाकूड मऊ, तंतू सैल. एक पाकळी उडाली आणि ती परत चिकटवल्याची रेघ दिसते. पण पाकळी शाबूत राहती तरी कमळ खटकलंच असतं. बाकी रचना ऐकून घेते आहे आणि हे एकटंच बोलतंय.

तुकडे एकमेकांना चिकटवलेले नाहीत. मागच्या प्लायवर प्रत्येकाला मधोमध एकेकच स्क्रू. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत कोरड्या हवेने आक्रसतं आणि दमट हवेने फुगतं. तिघांना एकत्र जखडलं असतं तर एखादा तडकला असता. वैशाखात सागवान आणि तुनाच्या मध्ये नख शिरेल एवढी फट पडते, श्रावणात ती मिटते. बघायला गेलात तर वैशाखात जा. त्या बारीक काळ्या रेघेने तून आणखी लाल दिसतं.

आणि दुपारी चारनंतर जा. तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येतं आणि खाचेच्या कडेला पटाशीने मारलेल्या तीन बारीक रेघा उठून दिसतात. चौकट जोडताना कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं, त्याची वाड्याच्या सुताराने केलेली खूण. तीन नंबर.