पुरवणीची कसोटी

कथेला पुरवणी जोडली म्हणजे कथा वाढतेच असे नाही. कल्पित जगात सोंग घेऊन खेळावयाचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकी खेळ १९७४ साली तीन पुस्तिकांनिशी निघाला. १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' या पहिल्या पुरवणीने त्यात चोर आणि धर्मयोद्धा आणले. चोर सोबत घेतला की सोबत्यांत संशय शिरतो; म्हणून ती भर मोलाची. पुढच्या पुष्कळ पुरवण्यांत मात्र राक्षस आणि शस्त्रे यांच्या याद्याच फार.

अशा वेळी मला आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजाभवानीचा गोंधळ आठवतो. गोंधळातल्या जांभूळ आख्यानात द्रौपदीला कर्णाविषयीची आपली ओढ कबूल करावी लागते. भांडारकर संस्थेच्या, १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग नाही. म्हणजे हीही पुरवणीच! तिने एकही नवे अस्त्र आणले नाही. पण ती ऐकल्यावर द्यूतसभेतले कर्णाचे शब्द पूर्वीपेक्षा अधिक जिव्हारी लागतात.

पुरवणीने कथेतले सामान वाढवू नये; माणसांची अडचण वाढवावी. नव्या पुरवणीकडे मी एवढेच मागतो.