गंगास्वरूप, गं. भा. आणि सोडेल बाई

घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. विधवा आजीच्या नावामागे मराठीत 'गं. भा.' आणि गुजरातीत 'गंगास्वरूप'. सुरतेत राहणाऱ्या आम्हां खानदेशी मंडळींना दोन्ही बिरुदे तोंडपाठ.

गुजरात सरकारने 2019 साली विधवा सहाय योजनेला 'गंगास्वरूपा' हे नाव दिले, मदत महिना 1250 रुपये केली आणि मुलगा 21 वर्षांचा झाला की मदत बंद, ही अट काढली. अट गेली हे उत्तमच. मुलगा गिरणीत लागला म्हणजे आईचे पोट भरले, हे गणित कोणी मांडले होते कोण जाणे! नावाशी मात्र माझे भांडण आहे. महाराष्ट्रातही 2023 साली 'गंगा भागीरथी' या शब्दाचा प्रस्ताव आला नि गदारोळ झाला; पण तो वाद विधवेच्या मानापमानाभोवतीच फिरला. ज्या बाईला कोणतेच बिरुद नाही, तिचे काय?

पांडेसऱ्यात डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांमागे साड्यांना खडे चिकटवणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. नवरा गेला, वारला नव्हे, निघून गेला. योजनेला मृत्यूचा दाखला लागतो. शेजारीण विधवा, तिला मदत मिळते. ही म्हणते, "तिना मरी ग्या, मना जित्ता शे. मंग माले काय?" अहिराणीत अशा बाईला 'सोडेल' म्हणतात.

महाराष्ट्राच्या कागदांत तिच्यासाठी 'परित्यक्ता' हा भारदस्त शब्द आहे. 1980च्या संजय गांधी निराधार योजनेत आहे, 2024च्या लाडकी बहीण योजनेतही आहे. पण त्या योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांच्या. नवापूरची हद्द ओलांडून आलेलीला तो शब्द उपयोगाचा नाही. आणि तिकडे राहिली असती तरी? 2025 साली लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पळालेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी हिने कुठून आणायचा?

सरकारला तरी काय बोलावे! हरिभाऊंनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये विधवेला यमूचा आवाज दिला. प्रौढ कुमारिकेला 1933 साली विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' मिळाले. टाकलेली बाई मात्र आमच्या कथांत बहुधा धुणीभांडी करायला येते, दोन वाक्यांत कर्मकहाणी सांगते आणि निघून जाते. लेखकाला तिची कणव येते, गोष्ट मात्र मालकिणीचीच राहते.

गेल्या वर्षी त्या बाईने मुलीचे लग्न केले. पत्रिकेत नुसते नाव टाका, असे तिने छापखान्यात बजावले होते. पत्रिका आली, तेव्हा नावामागे सवयीने 'सौ.' छापलेले होते.