प्रलयकथांचा शेवट

प्रलयाची कथा लिहावयास घेणें सोपें, परंतु ती संपविणें कठीण, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. आरंभीं सारें जग लेखकाच्या मुठींत असतें. शहर जळतें, समुद्र खवळतो, माणसें वाट फुटेल तिकडे धांवत सुटतात, आणि वाचक पुस्तक खालीं ठेवीत नाहीं. शेवटचीं दहा पानें आलीं कीं मात्र लेखकाची त्रेधा उडते. सर्वांना मारावें तर वाचक रुसतो. सर्वांना तारावें तर प्रलय लुटुपुटीचा ठरतो. अशा कथेचा शेवट गोड असावा कीं कडू, यावर आमच्या मित्रमंडळींत अनेकदां वाद झडले आहेत. आम्हांस तो वादच गैरलागू वाटतो. जें घडलें त्याची आठवण कथेला अखेरपर्यंत राहिली कीं नाहीं, एवढेंच आम्ही पाहतों.

उदाहरणादाखल एकच कथा घेऊं, कारण तिचे निरनिराळे शेवट आपल्यापुढें आहेत. एच्. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. मंगळवासी इंग्लंडवर उतरतात, तोफखाना त्यांच्यापुढें निष्प्रभ ठरतो, लंडन ओस पडतें. आणि अखेरीस आपल्या परिचयाच्या क्षुद्र रोगजंतूंनीं ते मरून पडतात. "मग माणसाचा पराक्रम तो कोठें राहिला?" हा आक्षेप आम्हीं कितीदां तरी ऐकला आहे. आक्षेपकांनीं कृपा करून पहिलें पान पुन्हां उघडावें. मंगळवासी माणसांना दुरून न्याहाळीत होते, याला वेल्सनें तेथें उपमा दिली आहे ती सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबांतील जीवांची. शेवटीं जें शस्त्र बाहेर पडतें तें पहिल्याच परिच्छेदांत असें झांकून ठेवलेलें आहे. टास्मानियांतील मूळ रहिवाशांचा गोऱ्यांनीं केलेला संहारही तो त्याच प्रकरणांत आपल्या देशबांधवांस आठवून देतो. साम्राज्याच्या ऐन भरांत असलेल्या वाचकाचा गर्व उतरविणें हा ज्या कथेचा रोख, तिच्या अखेरीस तोफांचा विजय शोभलाच नसता.

पण खरा शेवट याच्याही पुढें आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. कथानायक घरीं परततो. मेजावर त्याचा अर्धवट लिहिलेला निबंध तसाच पडलेला असतो. मेली असें समजून ज्या पत्नीची आशा सोडली, तीही भेटते. सामान्य लेखकानें येथें लेखणी खालीं ठेवली असती. वेल्स ठेवीत नाहीं. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यांतून हिंडतांना या माणसाला भोंवतालचे लोक भुतांसारखे भासतात. पत्नीचा हात हातीं घेतांनाही, आपण दोघांनीं एकमेकांस मृतांत जमा केलें होतें, हें त्याला विसरतां येत नाहीं. पडक्या घरांत लपून बसले असतां भ्रमिष्ट झालेल्या पाद्री सोबत्यावर त्यानें घाव घातला होता व तो पाद्री मंगळवासीयांच्या तावडींत गेला होता. ही कबुलीही त्यानें वाचकापुढें ठेवलेली आहे.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत, हें आपल्याकडे निराळें सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्रीं पाणी तुडवीत जे घरीं पोहोंचले, त्यांच्या घरीं दार उघडलें तेव्हां सारें संपलें होतें काय? पुढें कित्येक वर्षें, संध्याकाळीं पावसानें जोर धरला कीं, अशा घरांतून बाहेर गेलेल्यांना फोन सुरू होत. वेल्सचें शेवटचें प्रकरण त्यांना कोणी समजावून द्यावयास नको.

आतां या कथेवरील दोन चित्रपट पाहूं. १९५३ च्या बायरन हॅस्किनकृत चित्रपटांत ती कॅलिफोर्नियांत नेली आहे. अणुबाँबही फुकट जातो, लोक चर्चमध्यें प्रार्थनेला जमतात, आणि नेमकीं त्याच वेळीं मंगळवासीयांचीं यानें कोसळतात. ईश्वराचें नांव वेल्सनेंही घेतलें आहे. पण तेथें तें उद्गारासारखें येतें, येथें मागणीबरहुकूम आलेल्या उत्तरासारखें. स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट २००५ चा. त्याचा पूर्वार्ध आम्हांस फार आवडला; पळत्या जमावाची एका मोटारीवरील झडप पाहतांना अंगावर कांटा येतो. ह्यांतील बापही तळघरांत एका माणसाचा जीव घेतो, आणि मुलीच्या डोळ्यांवर आधीं पट्टी बांधतो. प्रसंग मोठा दारुण आहे. पुढें तो त्या प्रसंगाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं, चित्रपटही काढीत नाहीं. थोरला मुलगा टेंकडीपलीकडे ज्वालांत नाहींसा झालेला. तो अखेरीस बोस्टन येथें आजोळच्या घरीं धडधाकट उभा! रस्ता अभंग, आजीआजोबांच्या कपड्यांस सुरकुती नाहीं. मुलगा वांचला याचें आम्हांस दुःख नाहीं. पण तो कसा वांचला, त्यानें काय पाहिलें, हें विचारावयास कोणालाच सवड नसावी?

यावर कोणी म्हणेल, मग शेवट निर्दय करावा. तोही उपाय करून झाला आहे. स्टीफन किंगची 'द मिस्ट' ही १९८० ची दीर्घकथा रेडिओवर ऐकूं आल्यासारख्या एका गांवाच्या नांवावर थांबते. २००७ च्या चित्रपटांत फ्रँक डॅराबाँट यानें तेथें निराळाच घाला घातला. मोटारींत माणसें पांच, गोळ्या चार. बाप आपल्या मुलासकट चौघांना मारतो, आणि कांहीं क्षणांतच धुक्यांतून लष्कराचे रणगाडे बाहेर येतात. हा शेवट धाडसी म्हणून वाखाणला गेला. आम्हांला मात्र ते रणगाडे स्पीलबर्गच्या त्या मुलाचेच भाऊबंद वाटले. तेथें सुखासाठीं वेळ साधली, येथें दुःखासाठीं. साधणारा हात पडद्याआडून दोन्हींकडे दिसतोच. त्यापेक्षां डाफ्ने ड्यू मॉरिए हिच्या १९५२ च्या 'द बर्ड्स' कथेंतील शेतमजूर आम्हांस अधिक जवळचा. पक्षी दार फोडीत आहेत, आणि तो शेवटची सिगारेट ओढून रिकामें पाकीट विस्तवांत टाकतो. बस्स.

मराठींत जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा या संदर्भांत आठवते. पृथ्वीवर आदळूं पाहणारा धूमकेतू एका बंगाली हौशी ज्योतिर्विदाला प्रथम दिसतो. पुढें अण्वस्त्रांच्या साह्यानें त्याचा मार्ग बदलतात व जग वांचतें. निवेदन कोठें कोठें पाठ्यपुस्तकासारखें झालें आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण कथा शास्त्रज्ञांच्या जयजयकारावर संपत नाहीं. त्याच ज्योतिर्विदाच्या घरीं धूमकेतूच्या शांतीसाठीं यज्ञ झालेला असतो. तो स्वतः बसावयास तयार नाहीं, म्हणून त्याच्या जागीं नातवाला बसविलेलें असतें, आणि पत्नीच्या लेखीं अरिष्ट टळलें तें त्या यज्ञामुळें. तो नातू त्याच घरांत मोठा व्हावयाचा आहे.