दहा लाखांत एक. पण कोणत्या दहा लाखांत?

‘जनुकीय संकेत दहा लाखांत एक आहे’ हे वाक्य मीही व्याख्यानांतून ठासून सांगत आलो. ते स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट यांच्या 1998 सालच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातले. पुढे तो निबंध सावकाश वाचला, तेव्हा चूक कळली. आकडा माझ्या लक्षात होता. तो कशाशी तुलना करून आला, हे मी पाहिलेच नव्हते.

संकेत म्हणजे एक तक्ता. चार अक्षरांची 64 त्रिके; त्यांतली 61 वीस अमिनो आम्लांची, तीन विरामाची. एखादे अक्षर चुकले तरी पुष्कळदा तेच किंवा गुणधर्माने जवळचे आम्ल येते. ही मांडणी निव्वळ योगायोगाची आहे का, हे तपासण्यासाठी संगणकावर दहा लाख पर्यायी तक्ते तयार केले. त्यांतला एकच आपल्या तक्त्याहून सरस निघाला.

मात्र या तक्त्यांत त्रिकांचे गट आणि विरामाच्या जागा मूळच्याच होत्या. अदलाबदल फक्त आम्लांची होती. शिवाय कोणत्या प्रकारची चूक अधिक घडते, यानुसार चुकांना कमीअधिक वजन दिले होते. 1991 साली डेव्हिड हेग आणि हर्स्ट यांनी अशा वजनांविना मोजले, तेव्हा प्रमाण दहा हजारांत दोन होते. गृहीतके बदलली की दुर्मीळपणाही बदलतो.

2007 साली नोवोझिलोव्ह, वुल्फ आणि कूनिन यांनी तक्ता पायरीपायरीने सुधारत नेऊन पाहिला. आपला संकेत जवळच्या शिखराच्या साधारण अर्ध्या वाटेवरच आढळला. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. बहुतेक तक्ते पायथ्याशीच असतील, तर अर्धी चढण चढलेलाही विरळाच ठरतो.

पण तो तिथवर कसा पोहोचला? वाँग यांनी 1975 साली मांडले, की नव्या आम्लांना त्यांच्या पूर्वज आम्लांची त्रिके वारशाने मिळाली. तसे असेल तर शेजाऱ्यांतले साम्य काही अंशी नात्यामुळे आलेले असेल, निवडीमुळे नव्हे. आणि आकडा तोच येईल. ताडून पाहायला दुसरी स्वतंत्र जीवसृष्टी नाही. 1979 साली मानवी मायटोकॉन्ड्रियात निराळा संकेत सापडला, पण तीही याच संकेताला फुटलेली फांदी.

आता मी आकडा सांगण्याआधी तक्ते कसे बनवले ते सांगतो. ऐकणाऱ्यांचे आश्चर्य थोडे ओसरते, पण प्रश्न योग्य येऊ लागतात.