मुक्त प्रवेश कोणाला?

१२ फेब्रुवारी २००८ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेतील प्राध्यापकांनी एकमताने एक ठराव केला: आपल्या शोधलेखांचा, अनन्य नसलेला परवाना ते विद्यापीठाला देतील आणि विद्यापीठ ते लेख सर्वांसाठी खुले ठेवील. हा ठराव मी एक संहिता म्हणून वाचतो, तेव्हा त्यातला कर्ता लक्ष वेधून घेतो. तो कुलगुरू नाही, सरकार नाही, लिहिणारेच आहेत. सूट मिळते, पण ती लेखकाने मागावी लागते. म्हणजे प्रकाशकाच्या करारावर सही होण्यापूर्वीच हक्काचा एक वाटा बाजूला काढलेला असतो. (पुस्तके मात्र या ठरावाबाहेर राहिली.)

आपल्याकडे कर्ता बदलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली आणि ‘शोधगंगा’ भरत गेली. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पूर्वी एका प्रबंधासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पत्र घेऊन जावे लागे. पण तिथले मराठी प्रबंध उघडून पाहावेत. कितीतरी म्हणजे नुसती पानांची छायाचित्रे. काही युनिकोडपूर्व फाँटात. लोकसाहित्यावरच्या प्रबंधात मी ‘ओवी’ हा शब्द शोधतो आणि यंत्र सांगते, नाही. समोरच्या पानावर तो चार वेळा असतो. प्रबंध खुला आहे, पण शोधता येत नाही.

जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांतल्यांना. माझा आक्षेप इथेच आहे: ही वर्गणी आहे, मुक्त प्रवेश नव्हे. मराठी संशोधनाचा मोठा भाग विद्यापीठाबाहेर घडला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभारणारे राजवाडे आज असते, तर कोणत्या ओळखपत्रावर आत शिरले असते? तालुक्याच्या गावी ताम्रपट वाचत बसलेल्या निवृत्त शिक्षकाचीही तीच गत.

आणि मराठी विभागातल्या प्राध्यापकाचा लेख? पदोन्नतीच्या अर्जात त्याचा आयएसएसएन क्रमांक तपासला जातो, गुण मोजले जातात. प्रत जोडली, तर ती फाइलीत जाते. तिथून ती वाचकाकडे पाठवण्याचा ठराव आपल्या प्राध्यापकांना स्वतःच करता येईल. त्यासाठी ६,००० कोटी लागत नाहीत.