एकेचाळीस टक्के की सव्वा टक्का?

खुब्याच्या वा गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे हा पाश्चात्त्यांचा आजार, आशियाई माणसाला त्याचे भय नाही, असा समज बरीच वर्षे होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयडा' पाहणीने तो मोडला. आशियातील ४०७ रुग्णांपैकी २९५ जणांची, शिरेत रंगद्रव्य सोडून घेतलेली क्ष-किरण चित्रे तपासण्याजोगी निघाली. त्यांतील १२१ जणांत, म्हणजे ४१ टक्क्यांत, गुठळ्या आढळल्या.

आमची तक्रार हा आकडा एकटाच मिरवला जातो याबद्दल आहे. त्याच वर्षीच्या 'स्मार्ट' पाहणीत २४२० रुग्णांपैकी लक्षणे देणारी गुठळी किंवा अचानक मृत्यू फक्त १.२ टक्क्यांत आढळला. विसंगती नाही: एकीने गुठळी शोधली, दुसरीने त्रास मोजला. पोटरीतल्या बऱ्याच गुठळ्या निमूटपणे विरून जातात. वरच्या मोठ्या शिरांतली सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. 'आयडा'त अशा वरच्या गुठळ्या सुमारे १० टक्क्यांत होत्या. गुठळी टाळणाऱ्या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो, तेव्हा कोणता आकडा धरायचा हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे, आणि छेद आधी विचारावा. 'आयडा'तले ११२ जण छेदातच नाहीत. 'स्मार्ट'चे १.२ टक्केही रुग्ण घरी जाईपर्यंतचेच. गुठळी मात्र घरी गेल्यावरही होते.