दर्शनी भिंतीचा सकृद्दर्शनी पुरावा

न्यायालयात सकृद्दर्शनी पुराव्यास मान असतो. परंतु तो अखेरचा शब्द नव्हे. उलटतपासणीत तो टिकावा लागतो. इमारतीच्या दर्शनी भागासही हाच नियम लावावा, असे आमचे मत आहे. उज्जयिनीच्या ‘महाकाल लोक’ या नऊशे मीटरांहून अधिक लांबीच्या परिसराचे ११ ऑक्टोबर २०२२ रोजी लोकार्पण झाले. त्याची परीक्षा आम्ही याच नियमाने करू इच्छितो.

प्रथम त्याच्या बाजूचे बोलू. यात्रेकरूस येथे ऐसपैस वाट मिळाली. १०८ स्तंभांची रांग नजरेस लय देते, आणि राजस्थानातील बन्सी पहाडपूरचा वालुकाश्म माळव्याच्या उन्हात शोभतो. परंतु त्याच पाषाणाशेजारी फायबरच्या पोकळ मूर्ती उभ्या केल्या गेल्या. २८ मे २०२३ च्या वादळात सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या. पाषाणाची मूर्ती आपल्या भारानेच जागी राहते. पोकळ मूर्ती वाऱ्याला तेवढीच छाती देते, पण भार मात्र नाममात्र. तिचे सारे स्थैर्य आतल्या सांगाड्यावर आणि पायाच्या पकडीवर. रूप पाषाणाचे घेतले, पण त्याचा भार घेता आला नाही. आणि त्या भाराचे काम दुसऱ्या कशाने तरी होणे भागच होते.

आधुनिक दर्शनी भिंतीचे वर्मही हेच आहे. आज इमारतीचा भार काँक्रीटचा अगर पोलादाचा सांगाडा वाहतो. बाहेरची काच, दगडी पाट्या अथवा अॅल्युमिनियमचे पत्रे त्यावर पडद्यासारखे टांगलेले असतात. असा पडदा छप्पर पेलीत नाही. स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा दाब सांगाड्याकडे पोचविणे एवढेच त्याचे काम. म्हणून खरी परीक्षा न दिसणाऱ्या पकडींची, सांध्यांची आणि आतल्या थराची. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या नव्या आवरणातील ज्वालाग्राही गाभ्यामुळे १४ जून २०१७ च्या आगीचा वणवा झाला आणि ७२ माणसे गेली.

यावरून आवरण म्हणजेच असत्य, असा निष्कर्ष कोणी काढू नये. महाकालाचा नित्य शृंगार होतो, मुखवटा चढतो. म्हणून कोणी मुखवट्यास लिंग समजत नाही. गोमंतकातील देवळांच्या जांभ्या दगडावर चुन्याचा गिलावा असतो. तो पावसापासून दगड राखतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो, आणि आपण गिलावा आहोत हे लपवीत नाही. आवरणाने काही काम करावे आणि आपले आवरणपण कबूल करावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. या शेणवी गृहस्थाचे नाव आमच्या वाचकांस परके नाही. तेथे दगडाचा भार दगडच वाहतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२० च्या निकालात या वास्तूच्या जतनासंबंधी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेकडून अहवाल मागविला. शतकांच्या पाषाणालाही जेथे उलटतपासणी चुकत नाही, तेथे कालच्या फायबरला सूट कोणत्या न्यायाने द्यावी?

हा प्रश्न केवळ उज्जयिनीचा नाही. आपल्या गावोगावच्या देवळांतही जुन्या भिंतींवर चकचकीत फरश्या आणि ग्रॅनाइटच्या पाट्या चढू लागल्या आहेत. देणगीदाराची श्रद्धा खरी असते, यात शंका नाही. परंतु फरशीमागे कोंडलेली ओल श्रद्धेने वाळत नाही. विश्वस्तांनी कंत्राटावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हे आवरण कशाने धरले आहे, त्यामागे शिरलेले पाणी कोठून बाहेर पडणार, आणि ते उघडून कोण, किती वर्षांनी तपासणार. ज्या कंत्राटदारापाशी या तिन्हींची उत्तरे नाहीत, त्याचा नमुना कितीही देखणा असला तरी तो परत करावा.